काजूचा काटा

होंड्याला शेट्ये यांच्या वखारीत
काजूची पोती जोखायचा लोखंडी काटा आहे.
शिगमो संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी
माझा भाऊ त्यावर उभा राहिला,
चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तसा.
शेट्ये चष्म्यावरून बघत म्हणाले,
"तुला बियांचा भाव लावला
तर तुझ्या बापाला दुसरा ट्रक येईल रे."
आणि वहीत, माजिकांच्या बेचाळीस किलोंखाली,
लिहिलं: प्रज्योत, ९१.

आम्ही हसलो. तोही हसला.
रात्री त्याने मिरचीभजीला हात लावला नाही,
तेव्हा आईला कळलं
की हा भरतीचं खरंच बोलतोय.

पहाटे साडेचार. पिसुर्ल्याचा खाणरस्ता,
ट्रक थांबल्यापासून कुणाचाच नसलेला.
मी मागून स्कूटरवर,
दिव्याच्या उजेडात फक्त त्याची पाठ
आणि तिच्यावर चिकटलेला भिजका बनियन.
सोळाशे मीटर, नऊ मिनिटं चाळीस.
दगडाला धरून तो ओकला.
"कुणाला सांगू नको."
सांगायला होतं कोण? एक कुत्रं,
आणि पोदेर इनास, जो पों पों करत आला,
टोपलीवरचं प्लास्टिक वर करून
न विचारता दोन गरम उंडे पुढे केले त्याने.
भावाने मान फिरवली.
उंड्यांचा वास अर्धा किलोमीटर त्याच्याबरोबर धावला.

आईची लढाई निराळी.
पेजेत ती गुपचूप नारळाचा रस सोडायची
आणि देवाची शपथ घेऊन सांगायची, पातळच आहे.
"लढायला जायचं तर अंगात काय नको?"
"अंगात हवं गे," तो म्हणायचा,
"अंगावर नको."

बाबा यात कुठेच नव्हते.
त्यांचा ट्रक फणसाखाली,
खाण बंद झाली त्या वर्षापासून.
दर रविवारी ते इंजिन सुरू करत, दहा मिनिटं,
हवा बघत, आरसे पुसत,
जणू सोमवारी बोलावणं यायचंय.
ट्रकच्या हौद्यात कोंबडी अंडी घालते
हे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं.

वैशाखात एका रविवारी इंजिनचा आवाज आला नाही.
बाहेर आले तर बाबा जॅक लावून बसलेले,
मागचं चाक उतरवलेलं, टायर सुटा केलेला,
आणि त्याला सुंभाचा दोर.
गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली.
"हे ओढ," म्हणाले. "नुसतं धावून पोट जात नाही."
मग विहिरीवर गेले, डोक्यावरून पाणी घेतलं,
मर्तिकाहून आल्यावर घेतात तसं.

त्यानंतर खाणरस्त्यावर रोज एक रुंद रेघ.
आषाढ ती पुसायचा, हा परत काढायचा.
वहीत ८७, ८७, पुन्हा ८७
(त्या आठवड्यात त्याच्याशी कुणी बोललं नाही),
८३, मावसबहिणीच्या लग्नानंतर ८४.
काजू कधीचा संपला होता.
शेट्ये फक्त त्याच्यासाठी काट्यावरची पोती बाजूला करायचे.
श्रावणाच्या शेवटी ७२.
पाच मिनिटं एकवीस.

चवथ झाली आणि तो बेळगावला गेला.
दाखल्यांची फाइल, दोन निकर,
आईने दिलेल्या नेवऱ्या बसमध्ये वाटून टाकीन म्हणाला.

आज वखारीत जाऊन मी म्हटलं,
"मला एकोणीस किलो जोखून द्या."
"कसले?"
"कसलेही."
त्यांनी सुपारी भरली.
पोतं पाठीवर घेऊन मी दगडापर्यंत निघाले
आणि अर्ध्या वाटेत, जिथे तो पहिल्यांदा थांबला होता,
त्याच्याही अलीकडे, खाली बसले.
हे तो झोपेतसुद्धा उतरवू शकत नव्हता.
आणि आम्ही हसायचो तेव्हा हसायचा.

फोन अजून आलेला नाही.
पोतं परत नेलं तर शेट्येंनी वही उघडली,
पेन झटकून विचारलं,
"कुणाच्या नावावर लिहू?"